बीटल्स फुटल्यावर : चौघांचा हिशेब

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे १९७० च्या एप्रिलमध्ये जाहीरपणे वेगळे झाले. त्यानंतर ज्याने त्याने स्वतःच्या नावावर काढलेल्या अल्बमची तुलना कशी करायची, यावर वाचकांची पत्रं आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : फाटे न फोडता सांगा, चौघांत सर्वांत यशस्वी कोण?

उत्तर : पॉल. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली गाणी मोजली, तर पॉलची ९, जॉर्जची ३, जॉनची २ आणि रिंगोची २.

आता फाटे. पॉलची ही नऊ गाणी जवळून पाहा. सहा 'विंग्ज' या त्याच्या दुसऱ्या बँडबरोबरची, एक पत्नी लिंडाबरोबरचं, एक स्टीव्ही वंडरबरोबरचं, एक मायकल जॅक्सनबरोबरचं. फक्त पॉलचं नाव असलेलं त्यात एकही नाही. एकट्याची कारकीर्द म्हणून ज्याचे आकडे सर्वांत दणदणीत, तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर एकटा कधी गेलाच नाही! जॉनच्या दोनपैकी 'व्हॉटेव्हर गेट्स यू थ्रू द नाइट' (१९७४) हे एल्टन जॉनच्या साथीने झालेलं, आणि 'स्टार्टिंग ओव्हर' वर गेलं ते डिसेंबर १९८० मध्ये, जॉनची हत्या झाल्यावर. ब्रिटनमध्ये तर जॉन हयात असताना त्याचं एकही गाणं पहिलं आलं नव्हतं. 'इमॅजिन' तिथे सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, म्हणून निघालं १९७५ मध्ये, अल्बमनंतर चार वर्षांनी, आणि पहिलं आलं जानेवारी १९८१ मध्ये.

तेव्हा क्रमांक बघावेत जरूर, पण तराजूला पासंग किती आहे तेही बघावं.

प्रश्न : 'विंग्ज' हा बँड होता. मग त्याची गाणी पॉलच्या खात्यात का धरतात?

उत्तर : धरायची, पण डोळे उघडे ठेवून. १९७१ ते १९८१ या काळात पॉल, लिंडा आणि गिटारवादक डेनी लेन एवढे तिघेच टिकले. बाकीचे आले नि गेले. 'बँड ऑन द रन' (१९७३) हा विंग्जचा सर्वांत नावाजलेला अल्बम. तो करायला नायजेरियातल्या लागोसला निघायच्या तोंडावर ड्रमवादक डेनी सायवेल आणि गिटारवादक हेन्री मॅकलॉक या दोघांनी बँड सोडला. उरलेल्या तिघांनी अल्बम केला, आणि ड्रम पॉलनेच वाजवले. म्हणजे मुखपृष्ठावर बँड असलेला हा अल्बम आतून बराचसा एकट्याचा आहे. उलट लेबलवर एकट्याचं नाव आणि आत पंधरा वादक, असे अल्बमही या चौघांचे निघतात. मुखपृष्ठावरच्या नावाने खाती पाडू नका.

याच खात्यातली आणखी एक खोच. 'मल ऑफ किंटायर' (१९७७) हे पॉल आणि डेनी लेन यांचं गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिलं होतं. वीस लाखांहून जास्त खपलेली ती तिथली पहिलीच सिंगल. अमेरिकेत तीच तबकडी उलटी करून 'गर्ल्स स्कूल' ही बाजू वाजवली गेली, आणि ती ३३ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. एकाच देशाची यादी समोर ठेवून हिशेब मांडला तर असं काहीतरी सुटतंच.

प्रश्न : मग न्याय्य तुलना करायची तरी कशी? पद्धत सांगा.

उत्तर : आधी काळ बांधून घ्या. जॉन १९७५ नंतर पाच वर्षं घरी बसला आणि १९८० मध्ये गेला. जॉर्ज २००१ मध्ये गेला. पॉल आणि रिंगो त्यानंतरही अल्बम काढत राहिले. सगळी कारकीर्द एकाच पारड्यात टाकली तर जो जास्त जगला तो जिंकणारच. म्हणून १९७० ते १९७५ ही सहा वर्षं घ्या. या काळात चौघेही ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या त्याच जुन्या कराराखाली होते, चौघांनाही हवा तो स्टुडिओ आणि हवे ते वादक मिळत होते, आणि चौघांकडे लोकांचं सारखंच लक्ष होतं.

मग प्रत्येक अल्बमसाठी पाच रकाने आखा : गाणी कुणी रचली, निर्माता कोण, वाजवलं कुणी, आधीच्या अल्बमपासून किती महिने गेले, आणि गाणी नवी की जुन्या साठ्यातली. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. जॉर्जचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' (नोव्हेंबर १९७०) हा तीन तबकड्यांचा, २३ गाण्यांचा संच. बीटल्सच्या अल्बमवर जॉर्जच्या वाट्याला बहुधा दोनेक गाणी येत. उरलेली साठत गेली. शीर्षकगीताचीच तालीम बीटल्सने जानेवारी १९६९ मध्ये केली होती आणि ते बाजूला ठेवलं होतं. म्हणजे हा संच एका वर्षाचं पीक नव्हे, कणगीत साठवलेलं धान्य आहे. पुढचा 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' यायला अडीच वर्षं लागली, आणि तो एकाच तबकडीचा होता. 'जॉर्जचा झरा आटला' असं म्हणणारे हे लक्षात घेत नाहीत.

रकाने भरून झाले की निर्मात्याच्या रकान्यावर बोट ठेवा. आमच्या मते खरी गोम तिथे आहे. चौघे एकत्र होते तेव्हा प्रत्येकाला 'हे नको' असं सांगणारी तीन माणसं आणि वर निर्माता जॉर्ज मार्टिन, असा पहारा होता. फुटल्यावर तो उठला. जॉनचा 'प्लास्टिक ओनो बँड' (१९७०) बघा : पियानो किंवा गिटार, क्लाउस फूरमनचा बास, रिंगोचे ड्रम, बस. फिल स्पेक्टरसारखा वाद्यांची भिंत उभारणारा निर्माता नावाला असूनही सगळं उघडंबोडकं ठेवलंय, आणि तेच त्याचं बळ आहे. दोनच वर्षांनी त्याच जॉनने त्याच स्पेक्टरबरोबर 'सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी' केला. वर्तमानपत्रासारखं मुखपृष्ठ, ताज्या बातम्यांवरची गाणी, जोडीला थेट कार्यक्रमाची दुसरी तबकडी. अमेरिकेत तो ४८ व्या क्रमांकावर थांबला. यातली निम्मी गाणी कुणीतरी परत पाठवायला हवी होती.

पॉलच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. जॉर्ज मार्टिन परत आला तो 'टग ऑफ वॉर' (१९८२), आणि नायजेल गॉड्रिच या तरुण निर्मात्याने पॉलचा दौऱ्यावरचा बँड बाजूला ठेवून, काही गाणी तोंडावर नाकारून केलेला 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड' (२००५), हे दोन्ही त्याच्या उत्तम अल्बमांत मोडतात. मधल्या काळात ज्या अल्बमांवर पॉलच निर्माता आहे त्यांत एक अप्रतिम चाल, मग दोन अर्धवट, मग एक गंमत म्हणून ठेवलेली, असा प्रकार वारंवार सापडतो.

प्रश्न : 'ऑल थिंग्ज मस्ट पास' अमेरिकेत सहा वेळा प्लॅटिनम आहे आणि 'बँड ऑन द रन' तीन वेळा. म्हणजे जॉर्जचा अल्बम दुप्पट खपला का?

उत्तर : नाही. एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख नग. पण अमेरिकी ध्वनिमुद्रिका संघटनेच्या नियमानुसार १०० मिनिटांहून मोठ्या संचात प्रत्येक तबकडी वेगळा नग धरली जाते. जॉर्जचा संच साधारण १०६ मिनिटांचा. तेव्हा सहा वेळा प्लॅटिनम म्हणजे साठ लाख संच नव्हेत. रेकॉर्डच्या तीन आणि सीडीच्या दोन तबकड्या धरल्या तर ते वीस ते तीस लाखांच्या घरात येतात. पॉलचा अल्बम एका तबकडीचा, त्याचे तीस लाख म्हणजे तीस लाख. दोघे जवळपास बरोबरीत सुटतात.

ब्रिटनमध्ये याच संचाची दुसरी गंमत झाली. १९७१ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत तिथे टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. खपाच्या यादीसाठी दुकानं आपले आकडे टपालानेच पाठवत. ते पोचलेच नाहीत. अधिकृत नोंदींत हा संच पुढे ३५ वर्षं चौथ्या क्रमांकावर अडकून पडला. 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या यादीत मात्र तो आठ आठवडे पहिला होता. २००६ मध्ये नोंद दुरुस्त झाली. त्याआधी छापलेला संदर्भग्रंथ हाताशी असेल तर त्यातला आकडा खोडून घ्या.

प्रश्न : 'माय स्वीट लॉर्ड' ही चोरी होती का? खटल्यात नेमकं काय सिद्ध झालं?

उत्तर : न्यायालयाचा शब्द 'नकळत केलेली नक्कल' असा आहे. जाणूनबुजून चाल उचलली असं न्यायाधीश रिचर्ड ओवेन म्हणत नाहीत. पण नकळत झाली तरी हक्कभंग तो हक्कभंगच, असा १९७६ चा निकाल.

ज्या गाण्याशी तुलना झाली ते 'हीज सो फाइन', शिफॉन्स या गायिकांच्या गटाने १९६३ मध्ये गाजवलेलं. निकालपत्रात चालीचे दोन तुकडे काढून दाखवले आहेत. ते आपल्या सरगममध्ये लिहिले तर लगेच कळतात. पहिला तुकडा प-ग-रे. दुसरा प-ध-सा-ध-सा. 'हीज सो फाइन'मध्ये पहिला चार वेळा येतो, मग दुसरा चार वेळा. 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये पहिला चार वेळा आणि दुसरा तीन वेळा. चौथ्या वेळच्या जागी गाणं पुढे नेणारी जोड-ओळ आहे. इथवर कुणी योगायोग म्हणेल. पण दुसऱ्या तुकड्याच्या आवर्तनांत एके ठिकाणी 'रे' चा कण लागतो, प-ध-सा-ध-रे-सा असा, आणि तो दोन्ही गाण्यांत त्याच जागी लागतो. खालची स्वरसंगतीही तीच. तिथे प्रकरण फिरलं.

हे सगळे सूर भूप रागाचे पाच सूर आहेत, हे कानाला लगेच जाणवेल. पाचच सुरांत फिरायचं म्हटलं की प-ग-रे कुणाच्याही गळ्यात येणार, त्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही. न्यायालयाने दोन छोटे तुकडे, त्यांचा क्रम, आवर्तनांची संख्या आणि तो कण, असा सगळा जुडगा एकत्र धरला. चाल 'सारखी वाटते' एवढ्यावर खटला चालत नाही.

भरपाईचं गणितही बघण्यासारखं आहे. गाण्याची कमाई २१,३३,३१६ डॉलर धरली. त्यातला तीन चतुर्थांश वाटा चालीचा, उरलेला शब्दांचा आणि जॉर्जच्या नावाचा. म्हणून रक्कम आली १५,९९,९८७ डॉलर. एवढ्यात ॲलन क्लाइन, जो आधी जॉर्जचाच व्यवस्थापक होता आणि या वादात त्याच्या बाजूने बोलणी करत होता, त्याने 'हीज सो फाइन'चे हक्क असलेली कंपनी ५,८७,००० डॉलरला विकत घेतली. म्हणजे वकिली एका बाजूची आणि मालकी दुसऱ्या बाजूची! न्यायालयाने त्याला नफा घेऊ दिला नाही. क्लाइनने मोजले तेवढेच ५,८७,००० जॉर्जने द्यावेत आणि हक्क घ्यावेत असं ठरलं.

तुलनेच्या वहीत या गाण्यापुढे चांदणी ठेवा, पण खोडू नका. ध्वनिमुद्रणातली गिटार, समूहस्वर आणि 'हालेलुया'वरून 'हरे कृष्ण'वर सरकण्याची कल्पना जॉर्जची आहे, आणि तिच्यावर कुणी दावा केला नव्हता.

प्रश्न : बीटल्समध्ये असताना जॉर्जची गिटार वेगळी वाजते आणि नंतर अगदी मिंडेसारखी. हा बदल कशाने?

उत्तर : स्लाइडने. १९६६ पासून जॉर्ज पंडित रविशंकरांकडे सतार शिकत होता. साधारण १९६८ मध्ये त्याने ती नेमाने वाजवणं सोडलं. डिसेंबर १९६९ मध्ये डेलनी अँड बॉनी या मंडळींबरोबर दौऱ्यावर असताना तो स्लाइडकडे वळला. सतारीत तार ओढून मींड काढतात. स्लाइडमध्ये बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवतात. साधन वेगळं, पण सुरातून सुरात न तुटता जाणं तेच. बहुतेक रॉक वादक स्लाइडचा आवाज खरखरीत ठेवतात. जॉर्ज मात्र मोजून, गायकीच्या अंगाने वाजवतो, आणि बरेचदा त्याच ओळीवर दुसरी स्लाइड वरच्या सुरात चढवून जोडी करतो. 'माय स्वीट लॉर्ड'चा आरंभ ऐका.

स्वतः करून बघणाऱ्यांना अडचण येते ती अशी. नेहमीच्या सवयीने बोट पडद्याच्या मागे जातं आणि सूर उतरलेला लागतो. नळी पडद्याच्या तारेच्या बरोबर वर यायला हवी, आणि तारेवर नुसती टेकायला हवी. दाबली तर खालच्या पडद्यावर आपटून खडखडते. नळीच्या मागे पडणारं बोट तारांवर हलकं ठेवा, नाहीतर मागचा तुकडाही गुणगुणतो. नको असलेल्या तारा उजव्या हाताने झाकाव्या लागतात, आणि शिकायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. तारा अगदी बारीक असतील तर नळीच्या वजनाने दबतात, ०.०११ इंचापासून सुरू होणारा संच बरा.

'हाउ डू यू स्लीप?' हे जॉनने पॉलला झोडपणारं गाणं 'इमॅजिन' अल्बमवर आहे. त्यातली जिवघेणी स्लाइड जॉर्जची. कोण कुणाच्या बाजूचं, ते पत्रकांपेक्षा या वाजवण्यातून जास्त कळतं.

प्रश्न : पॉलने पहिला अल्बम घरी एकट्याने केला म्हणतात. मलाही सगळी वाद्यं स्वतः वाजवून गाणं करायचं आहे. क्रम कसा ठेवू?

उत्तर : 'मॅकार्टनी' (एप्रिल १९७०) हा अल्बम. १९६९ च्या अखेरीस पॉलने लंडनच्या घरी स्टुडर कंपनीचं चार ट्रॅकचं यंत्र आणवलं. मिक्सर नाही, आवाजाची पातळी दाखवणारा काटाही नाही. मायक्रोफोन थेट यंत्राच्या पाठीत खोचलेला. यंत्र तपासायला म्हणून ४३ सेकंदांचं 'द लव्हली लिंडा' झालं. पहिल्या ट्रॅकवर आवाज आणि गिटार, दुसऱ्यावर आणखी एक गिटार, तिसऱ्यावर पुस्तकावर हाताने दिलेला ठेका, चौथ्यावर बास. ते तसंच अल्बमवर गेलं. सगळा अल्बम मात्र घरचा नाही. 'मेबी आय'म अमेझ्ड'साठी त्याने 'बिली मार्टिन' या खोट्या नावाने ॲबे रोडचा स्टुडिओ घेतला, आणि ऐकताना तो फरक लगेच कळतो.

पॉलचा क्रम मात्र उचलू नका. गिटार आणि आवाज आधी, ठेका नंतर, असं केलं की लय जिथे हलली असेल तिथे ठेक्याला तिच्यामागे धावावं लागतं. ४३ सेकंदांत ते खपून जातं. चार मिनिटांच्या गाण्यात दुसऱ्या ध्रुवपदापासून गाडं घसरतं. आधी लय ठरवून मेट्रोनोम लावा आणि त्यावर गिटार-आवाजाचा कच्चा ट्रॅक घ्या. त्यावर ड्रम, ड्रमवर बास. मग तो कच्चा ट्रॅक पुसून खरी गिटार, आणि सगळ्यात शेवटी आवाज. बास ड्रमच्या आधी घेतलात तर पायाचा ड्रम आणि बास कधीच एकत्र पडत नाहीत.

बंद कपाचे हेडफोन वापरा, नाहीतर मेट्रोनोमची टकटक मायक्रोफोनमध्ये शिरते आणि शांत जागी उघडी पडते. पातळी शिखराला उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. संगणकावर घेताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधला बफर १२८ सॅम्पलवर आणा; मिक्सिंगच्या वेळी वाढवा. वाद्यं किती येतात याला फार महत्त्व नाही. चौथ्या गिटारला 'पुरे' म्हणणारं कुणी खोलीत नसतं, म्हणून ट्रॅक वाढत जातात. पॉलच्या यंत्रावर चारच होते. तुम्ही आठांची मर्यादा घालून घ्या.

प्रश्न : रिंगो फारसं लिहीत नाही, आवाजाचा पल्ला बेताचा. तरी १९७३-७४ मध्ये त्याची गाणी पहिली कशी आली?

उत्तर : त्याला आपली मर्यादा माहीत होती, आणि मागायची लाज नव्हती. 'रिंगो' (१९७३) या अल्बमवर चारही बीटल्स आहेत, पण चौघे एकत्र असलेलं गाणं एकही नाही. 'आय'म द ग्रेटेस्ट' जॉनने लिहिलं. त्यात जॉन, जॉर्ज आणि रिंगो एकत्र वाजवतात. 'सिक्स ओक्लॉक' पॉल आणि लिंडाचं. 'फोटोग्राफ' रिंगो आणि जॉर्जने मिळून केलं आणि ते अमेरिकेत पहिलं आलं. 'यू'र सिक्स्टीन' हे १९६० चं जुनं गाणं, तेही पहिलं आलं. निर्माता रिचर्ड पेरीने चाली रिंगोच्या गळ्याच्या मधल्या पट्टीतच ठेवल्या. त्याआधीचं 'इट डोन्ट कम ईझी' (१९७१) जॉर्जच्या देखरेखीखाली झालं होतं.

ड्रमबद्दलही विचारलंय. रिंगो डावखुरा, पण उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवतो. भरणी, म्हणजे ओळींमधली रिकामी जागा भरणारे ड्रमचे तुकडे, वाजवताना तो डाव्या हाताने सुरुवात करतो, त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना हात अडखळतो, आणि त्या अडखळीतून त्याची ती किंचित मागे रेंगाळणारी भरणी येते. उजव्या हाताने तिची नक्कल करणाऱ्यांची भरणी फार नीटनेटकी लागते. डाव्या हाताने सुरुवात करून पाहा.

१९८९ पासून त्याचा 'ऑल-स्टार बँड' फिरतो : निरनिराळ्या जुन्या बँडांतले गायक-वादक, प्रत्येकाने स्वतःची गाजलेली गाणी म्हणायची, उरलेल्यांनी साथ करायची. चौघांत सगळ्यांत कमी जोखमीची युक्ती ही.

प्रश्न : जॉर्जने बांगलादेशासाठी केलेल्या कार्यक्रमाचे पैसे अडकले होते ना?

उत्तर : कार्यक्रमाचे नाहीत, अल्बम आणि चित्रपटाचे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग झाले. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ आरंभाला बसले. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट काही दिवसांतच युनिसेफला गेले. पण युनिसेफला सुरुवातीपासून आयोजक म्हणून सामील करून घेतलं नव्हतं, त्यामुळे करमाफी मिळाली नाही आणि पुढची कमाई अमेरिकी करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षं पडून राहिली. मदतीचा कार्यक्रम करणाऱ्यांनी संस्थेचं नाव पहिल्या पत्रकाच्या आधी कागदावर आणावं.

प्रश्न : एकाच अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या मिळतात. तुलनेसाठी कोणती ऐकू?

उत्तर : आधी रिमास्टर आणि रिमिक्स यांतला फरक धरा. रिमास्टरमध्ये तयार मिश्रण तसंच ठेवून ते साफ करतात. रिमिक्समध्ये मूळ ट्रॅक सुटे करून पुन्हा मांडतात, म्हणजे आवाज पुढे येतो, घुमारा कमी होतो, कधी वाद्यच मागे जातं. चौघांची त्या काळातली तुलना करायची तर रिमास्टर ऐका, रिमिक्स नंतर. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मध्ये स्पेक्टरने घुमारा इतका ओतलाय की ड्रम भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात. खुद्द जॉर्जलाच तो नंतर जास्त वाटला होता. २०२१ चं पॉल हिक्सचं रिमिक्स ऐकलं तर आवाज मोकळा मिळतो, पण स्पेक्टर निम्मा गेलेला असतो.

'बँड ऑन द रन' घेताना 'हेलन व्हील्स' आहे का पाहा. मूळ अमेरिकी तबकडीवर ते होतं, ब्रिटिशवर नव्हतं. जॉनच्या 'डबल फँटसी' (१९८०) अल्बमवर १४ पैकी सात गाणी त्याची पत्नी योको ओनोची आहेत, बहुतेक एकाआड एक. फक्त जॉनची सात निवडून ऐकणारे अल्बमची मांडणीच मोडतात, कारण गाणी एकमेकांना उत्तरं देतात.

प्रश्न : हीच पद्धत दुसऱ्या बँडला लावता येईल का? उदाहरणार्थ जेनेसिस?

उत्तर : येईल, एक रकाना वाढवून : बँड तेव्हा चालू होता की बंद. गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडला. ड्रमवादक फिल कॉलिन्सने मात्र १९८१ पासून स्वतःचे अल्बम काढले ते बँडमध्ये राहूनच, त्यामुळे त्याच्याकडे गाण्यांचा कणगीतला साठा कधी झालाच नाही; जे सुचलं ते इकडे किंवा तिकडे गेलं. जुलै १९८६ मध्ये जेनेसिसचं 'इनव्हिजिबल टच' अमेरिकेत पहिलं आलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याला खाली ढकललं ते गेब्रिएलच्या 'स्लेजहॅमर'ने. वहीत गेब्रिएलच्या अल्बमपुढे साल न चुकता लिहा. १९७७, १९७८, १९८० आणि १९८२ अशा पहिल्या चारही अल्बमांचं नाव 'पीटर गेब्रिएल' एवढंच आहे. फक्त चौथ्यावर अमेरिकेत 'सिक्युरिटी' अशी चिकटपट्टी होती.